उडून जाणाऱ्या धातूची गोष्ट

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात संध्याकाळी सहाच्या सुमारास पाच मिनिटे उभे राहून बघा. १८५७ च्या उठावातील शिपायांना जिथे देहदंड दिला गेला, त्या काळ्या चबुतऱ्याची आठवण जपणारा हा चौक. मध्यभागी शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, बाजूने जालना रस्त्याची धावपळ. सिग्नल लाल झाला की रिक्षा, मोटारी, फटफट्या, एस.टी. एकमेकींना खेटून थांबतात आणि सगळ्यांची यंत्रे मात्र चालूच राहतात. आपण नाकाला रुमाल लावतो. दिवा हिरवा झाला की पुढे जातो, आणि विसरून जातो.

मी इथल्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. मागे एकदा वर्गात रुथेनियम या धातूचा पाठ चालला होता. शेवटच्या बाकावरच्या एका खेड्यातल्या मुलाने उठून विचारले, "सर, हे परीक्षेपुरतं ठीक आहे. पण आमच्या गावात ह्या रुथेनियमचं काय काम?" वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण प्रश्न खरा होता. मी त्याला म्हटले, "उत्तर क्रांती चौकातून सुरू होतं आणि तुझ्या गावच्या विहिरीपर्यंत येतं. सवडीने सांगतो." ती सवड आज मिळाली आहे, तेव्हा त्या मुलाबरोबर तुम्हीही ऐका.

प्रथम चौकातल्या धुराकडे वळू. पेट्रोल पूर्णपणे जळले तर त्याची फक्त वाफ आणि कार्बन डायऑक्साइड व्हायला हवी. पण यंत्रात जळायला वेळ मिळतो तो क्षणाच्या काही अंशाचा. मग तीन वाईट गोष्टी मागे उरतात. एक, अर्धवट जळालेला कार्बन मोनॉक्साइड. याला रंग नाही, वास नाही. पण आपल्या रक्तातला लाल पदार्थ प्राणवायूपेक्षा याला सुमारे दोनशे पट अधिक घट्ट धरतो, आणि माणूस आतल्या आत गुदमरतो. दुसरी गोष्ट म्हणजे न जळालेले पेट्रोल. आणि तिसरी, नायट्रोजनची ऑक्साइडे. हवेतला नत्रवायू एरवी अगदी शांत असतो. यंत्राच्या भयंकर उष्णतेत मात्र तोही प्राणवायूशी जुळतो आणि फुप्फुसांना झोंबणारा वायू तयार होतो. दम्याच्या माणसाला तो लगेच कळतो.

आता गंमत पाहा. यातल्या पहिल्या दोघांना प्राणवायू हवा आहे. तो मिळाला तर ते निरुपद्रवी होतील. तिसऱ्याजवळ प्राणवायू जास्तीचा झाला आहे. तो काढून घेतला तर मागे साधा नत्रवायू उरेल. म्हणजे घेणारा आणि देणारा एकाच नळीत शेजारी शेजारी आहेत, पण व्यवहार काही होत नाही. नळीतून बाहेर पडेपर्यंत त्यांना तेवढी सवड नसते. इथे मध्यस्थ लागतो, आणि त्या मध्यस्थालाच रसायनशास्त्रात उत्प्रेरक म्हणतात.

उत्प्रेरकाचे उदाहरण म्हणून पुष्कळ गुरुजी विरजण सांगतात. मीही पूर्वी सांगत असे. पण ते उदाहरण तितकेसे बरोबर नाही, कारण विरजणातले जंतू दुधात वाढतात. चमचाभर विरजणाचे पातेलेभर दही होते. उत्प्रेरक वाढत नाही आणि संपतही नाही. त्याला पैठणच्या गोदावरीतला नावाडी म्हणा. तो या काठावरच्या माणसाला नावेत घेतो, त्या काठाला उतरवतो, आणि रिकामी नाव घेऊन पुन्हा परततो. दिवसभरात शेकडो माणसे पार होतात, पण नाव आणि नावाडी तेवढेच. शिवाय नावाडी नदी आटवत नाही की काठ जवळ आणत नाही. जी माणसे एरवी लांबच्या पुलापर्यंत वळसा घालून गेली असती, त्यांना तो जवळची वाट देतो एवढेच. उत्प्रेरकही क्रियेची सोपी वाट दाखवतो. जी क्रिया मुळात होणेच शक्य नाही ती मात्र त्याच्याने होत नाही.

शाळेत हे दाखवायला काही खर्च नाही. औषधाच्या दुकानात जखम धुण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. ते काचेच्या पेल्यात दोन बोटे घ्या. तसेच ठेवले तर काही घडताना दिसत नाही. आता त्यात कच्च्या बटाट्याची एक फोड टाका. लगेच फसफसून फेस येईल, तो प्राणवायूचा. उदबत्तीचा निखारा त्या फेसाजवळ नेला तर तो अधिक लाल होतो. बटाट्यात एक नैसर्गिक उत्प्रेरक असतो, त्याची ही करामत. आता दुसऱ्या पेल्यात उकडून गार केलेल्या बटाट्याची फोड टाका. फेस येत नाही. उत्प्रेरक उष्णतेने मेला. गुरुजी, हा दुसरा पेला विसरू नका, कारण आजच्या सगळ्या गोष्टीचे सार त्या दुसऱ्या पेल्यात आहे. उत्प्रेरक किती चपळ आहे हा निम्मा प्रश्न. तो ताप किती सोसतो हा उरलेला निम्मा.

आता रुथेनियमची ओळख. १८४४ साली रशियातल्या कझान विद्यापीठात कार्ल क्लाउस नावाच्या प्राध्यापकाने उरल पर्वतातल्या प्लॅटिनमच्या खनिजाचा उरलेला गाळ शोधून त्यातून हा धातू वेगळा काढला. रशियाच्या 'रुथेनिया' या लॅटिन नावावरून त्याला रुथेनियम म्हणतात. त्याचा अणुक्रमांकही ४४, तेव्हा विद्यार्थ्यांना सन आणि क्रमांक एकदमच पाठ होतात. या क्लाउसला पदार्थ जिभेला लावून पाहण्याची खोड होती आणि त्यापायी त्याने त्रासही भोगला. विद्यार्थ्यांनी त्याची चिकाटी घ्यावी, खोड घेऊ नये.

रुथेनियम चांदीसारखा पांढरा, कठीण आणि ठिसूळ. तो वितळायला सुमारे २,३०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. लोखंड १,५३८ अंशांना वितळते. नुसत्या आम्लांना तो दाद देत नाही. साऱ्या जगात तो वर्षाला काही दशके टनच निघतो, आणि त्यातला मोठा वाटा दक्षिण आफ्रिकेतल्या प्लॅटिनमच्या खाणींतून येतो. मूलद्रव्यांच्या तक्त्यात त्याची जागा लोखंडाच्या थेट खाली आहे. म्हणजे हा लोखंडाचा धाकटा भाऊ म्हणा ना. पण भावाभावांत फरक असतोच. लोखंड साधारणपणे दोन किंवा तीन इलेक्ट्रॉन देऊन व्यवहार मिटवते. रुथेनियमचा हात फार सैल. दोन, तीन, चार, सहा असे करता करता वेळ आली तर तो आठही देऊन मोकळा होतो. कधी द्यायचे, कधी परत घ्यायचे, यात तो सहजपणे पुढेमागे होतो. नावाड्याला हाच गुण लागतो. रुथेनियम उत्तम उत्प्रेरक आहे तो यामुळे, आणि पुढे त्याचा घात झाला तोही यामुळेच.

ती हकीकत अशी. अमेरिकेत १९७० साली हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला आणि मोटारी बनवणाऱ्यांना धूर आटोक्यात आणणे भाग पडले. फोर्ड मोटार कंपनीच्या संशोधनशाळेत त्या वेळी हरेन गांधी नावाचे तरुण रसायन अभियंते काम करीत होते. ते आपल्या मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. त्यांनी आणि त्यांचे सहकारी मॉर्डेकाय शेलेफ यांनी नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा प्रश्न हाती घेतला.

त्या काळची योजना दोन खोल्यांच्या पेटीची होती. सायलेन्सरच्या वाटेवर पहिली खोली कमी प्राणवायूची. तिथे नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा प्राणवायू काढून घ्यायचा. मग बाहेरची थोडी हवा आत सोडायची आणि दुसऱ्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड व न जळालेले पेट्रोल जाळून टाकायचे. कागदावर योजना झकास. अडचण पहिल्या खोलीत आली. प्लॅटिनम, पॅलेडियम असले धातू तिथे बसवले की ते नत्रवायू मोकळा सोडण्याऐवजी त्याला हायड्रोजनशी जोडून अमोनिया तयार करीत. हा अमोनिया दुसऱ्या खोलीत गेला की तिथल्या हवेत जळून पुन्हा नायट्रोजनचे ऑक्साइडच होई. पुढच्या दाराने हाकललेला चोर मागच्या दाराने घरात!

गांधी आणि शेलेफ यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की पहिल्या खोलीत रुथेनियम बसवला तर अमोनिया फारच थोडा होतो आणि बहुतेक सगळा साधा नत्रवायूच मिळतो. रुथेनियमच्या पृष्ठावर नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना लवकर भेटतात आणि जोडीने निघून जातात. असा नेमका मध्यस्थ मिळाल्यावर काम फत्ते झाले, असे कुणालाही वाटेल. पण अजून दुसरा पेला बाकी होता, उकडलेल्या बटाट्याचा.

मोटार रस्त्यावर एकसारखी चालत नाही. चढ लागला की पेट्रोल जास्त जाते, रेस सोडली की पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते. क्रांती चौकासारख्या ठिकाणी तर दर मिनिटाला हा खेळ. पहिल्या खोलीत प्राणवायू कमी राहील असे आपण धरले होते, पण मधूनमधून तिथे प्राणवायूचा लोट येतोच. त्या वेळी पेटी तापलेली असते, सहाशे, सातशे, कधी आठशे अंशांपर्यंत. तापलेला रुथेनियम आणि भरपूर प्राणवायू एकत्र आले की काय होते? रुथेनियम आपले इलेक्ट्रॉन देत सुटतो. प्रथम रुथेनियम डायऑक्साइड होते. ते काळसर निळे, घट्ट, स्थिर. इथवर हरकत नाही. पण उष्णता आणखी वाढली की त्यातला काही भाग आणखी प्राणवायू घेऊन ट्रायऑक्साइड आणि टेट्रॉक्साइड होतो, आणि ही दोन्ही वायुरूपाने उडतात.

देवघरातला कापूर आठवा. डबीचे झाकण उघडे राहिले तर आठ दिवसांत वडी लहान होते. जळत नाही, वितळत नाही, नुसती उडून जाते. रुथेनियमचे टेट्रॉक्साइड तसेच आहे. पिवळे, कापरासारखे उडणारे, उग्र वासाचे. पंचवीस अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या हिवाळ्यातल्या दुपारच्या उबेतसुद्धा ते वितळते. २,३०० अंशांना दाद न देणारा धातू. त्याने चार प्राणवायू अंगावर घेतले की त्याची ही अवस्था!

इथे एखादे चौकस गुरुजी शंका काढतील. टेट्रॉक्साइड शंभर अंशांच्या पुढे तापवले तर फुटते, कधी स्फोटासारखे फुटते, असे पुस्तकात असते. मग आठशे अंशांच्या पेटीत ते तयार तरी कसे होते? शंका रास्त आहे. साठवलेले, दाट टेट्रॉक्साइड तापवले की ते डायऑक्साइड आणि प्राणवायू असे वेगळे होते, हे खरे. पण आठशे अंशांच्या पेटीत ते दाट नसते. प्राणवायूच्या वाहत्या झोतात अगदी विरळ, लेशमात्र वाफ तयार होते आणि झोताबरोबर पुढे जाते. वाफ निघून गेली की मागचा धातू तोल सांभाळायला आणखी थोडी वाफ देतो. असे मिनिटामिनिटाला चालते. उन्हात वाळत घातलेले धोतर उकळत नाही, तरी कोरडे होतेच की नाही? वारा ओलावा नेत राहतो म्हणून. पुढे नळीच्या थंड भागात ती वाफ पोहोचली की फुटते आणि तिथे काळी भुकटी बसते. काही मात्र बाहेर जाते. आणि हे टेट्रॉक्साइड डोळ्यांना व फुप्फुसांना अतिशय घातक. म्हणजे चौकातले विष घालवायला जो मध्यस्थ नेमला, तोच त्या चौकात नवे विष सोडणार. नावाड्याने नावेची एकेक फळी काढून नदीत सोडावी, तसला हा प्रकार.

गांधी आणि शेलेफ यांनी एवढ्यावर हात टेकले नाहीत. रुथेनियमला बांधून ठेवायची युक्ती त्यांनी काढली. बेरियम किंवा लँथॅनम यांच्या ऑक्साइडांबरोबर रुथेनियमचे संयुग केले तर ते रुथेनेट प्राणवायूच्या झोतातही बरेच टिकून राहते. उनाड बैलाला जोडीने जुंपावे तसे. पण पेटीत पुन्हा प्राणवायू कमी झाला की तेच संयुग सुटून धातू मोकळा होई, पुन्हा झोत आला की पुन्हा बांधले जाई, आणि दर खेपेला थोडाफार धातू निसटे. गळती कमी झाली, पण बंद झाली नाही. आणि मोटार तर वर्षानुवर्षे चालायची. अखेर बाजारातल्या मोटारींत रुथेनियमचा जम बसला नाही.

मग मार्ग निघाला तो दुसरा. ऱ्होडियम हा त्याचा शेजारी धातू पुष्कळ महाग, पण प्राणवायूच्या झोतात असा उडून जात नाही. त्याच्या जोडीला प्लॅटिनम आणि पॅलेडियम घेतले, दोन खोल्यांची एक खोली केली, आणि हवा व पेट्रोल यांचे प्रमाण क्षणोक्षणी मोजणारा प्राणवायूचा तपासनीस नळीत बसवला. तिन्ही विषे एकाच खोलीत एकदम निवू लागली. या कामातही हरेन गांधींचा मोठा वाटा होता, आणि अमेरिकेने त्यांना २००२ सालचे नॅशनल मेडल ऑफ टेक्नॉलॉजी देऊन त्यांचा गौरव केला. २०१० मध्ये ते वारले. रुथेनियमवर घालवलेली त्यांची वर्षे फुकट गेली असे मी मानत नाही. उत्प्रेरकाने नुसते चपळ असून भागत नाही, ताप सोसून जागेवर राहिले पाहिजे, हा धडा त्या वर्षांनी पक्का केला.

आपल्या देशात १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना अशी पेटी सक्तीची झाली. तिच्याबरोबर बिनशिशाचे पेट्रोल आणावे लागले, कारण शिसे उत्प्रेरकावर बसले की तो निकामी होतो. २००० च्या फेब्रुवारीपासून साऱ्या देशात बिनशिशाचे पेट्रोल आले. २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहा हे नियम लागू झाले. आज चौकात तुमच्याशेजारी उभ्या असलेल्या नव्या फटफटीच्या सायलेन्सरातही मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे असलेली एक लहानशी पेटी असते.

मग रुथेनियमचे पुढे काय झाले? तो बेकार झाला का? मुळीच नाही. चुलीजवळ ज्याचे जमत नाही त्याचे माजघरात जमू शकते. आता आपण त्या मुलाच्या गावच्या विहिरीवर येऊ.

पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकतो, ती तुम्ही पाहिली असेल. ती विरलेला चुना आणि क्लोरीन यांच्यापासून होते. जायकवाडीचे पाणी शहरात येते तेही क्लोरीनने निर्जंतुक होऊनच. हा क्लोरीन मिठाच्या पाण्यातून विजेचा प्रवाह सोडून काढतात. ज्या पट्टीवर क्लोरीनचे बुडबुडे सुटतात ती पूर्वी ग्रॅफाइटची असे. ती झिजे, तिच्यातली जागा वाढे, वीज वाया जाई, आणि ती वरचेवर बदलावी लागे. १९६० च्या दशकात हेन्री बीअर या संशोधकाने टायटॅनियमच्या पट्टीवर रुथेनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांचा पातळ थर देण्याची रीत काढली, आणि हा धंदाच पालटला.

तो थर देण्याची कृतीही समजून घेण्यासारखी आहे. रुथेनियम क्लोराइड हे पाणी धरून ठेवणारे काळपट तांबडे मीठ; रुथेनियमच्या बहुतेक संयुगांची सुरुवात त्याच्यापासूनच होते. त्याचे द्रावण पट्टीला फासायचे, वाळवायचे, आणि हवेत साधारण साडेचारशे ते पाचशे अंशांवर भाजायचे. क्लोरीन निघून जातो, प्राणवायू त्याच्या जागी येतो आणि डायऑक्साइडचा घट्ट थर पट्टीला चिकटतो. पुन्हा फासायचे, पुन्हा भाजायचे, जसे सारवणावर सारवण. इथे उष्णता हीच कारागीर. कमी भाजले तर क्लोरीन आत राहतो, जास्त भाजले तर थर आणि खालचे टायटॅनियम दोन्ही बिघडतात. एकदा का हा थर नीट बसला की तो नव्वद अंशांच्या आसपासच्या तापलेल्या मिठवणीत वर्षानुवर्षे काम देतो. आठशे अंशांच्या पेटीत जो टिकला नाही, तो नव्वद अंशांच्या खाऱ्या पाण्यात हलत नाही. तेव्हा विहिरीत पडणाऱ्या त्या पांढऱ्या भुकटीमागे रुथेनियमचा हात असतो, हे त्या मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर.

दुसरे उत्तर शेताच्या बांधावर आहे. युरियासाठी अमोनिया लागतो. आपल्याकडे अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात तो होतो. हवेतला नत्रवायू आणि हायड्रोजन यांची सोयरीक जुळवायला जगभर बहुतेक ठिकाणी लोखंडाचाच उत्प्रेरक वापरतात. त्यासाठी चारशे-पाचशे अंश उष्णता आणि जबरदस्त दाब लागतो. जपानी संशोधकांनी १९७० च्या दशकात दाखवले की लोखंडाचा हा धाकटा भाऊ, योग्य सोबत दिली तर, हेच काम कमी दाबात करतो. १९९२ मध्ये कॅनडातल्या किटिमॅट इथे रुथेनियमचा उत्प्रेरक वापरणारा पहिला कारखाना चालू झाला. इथे प्राणवायू नसल्यामुळे रुथेनियम उडून जाण्याची भीती नाही. अडचण निराळीच, ज्या कोळशासारख्या कार्बनवर त्याला बसवतात, त्या कार्बनलाच हायड्रोजन हळूहळू खातो. म्हणजे नावाडी शाबूत, पण नाव कुरतडली जाते. शिवाय लोखंड स्वस्त आणि रुथेनियम दुर्मिळ, म्हणून लोखंडाचे राज्य अजून चालू आहे. औषधे आणि गुंतागुंतीचे रेणू बनवण्यात मात्र रुथेनियमच्या संयुगांनी बाजी मारली. २००१ आणि २००५ या दोन्ही वर्षांच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकांत, जपानचे नोयोरी आणि अमेरिकेचे ग्रब्ज यांच्या कामात, रुथेनियमचाच वाटा होता.

तिसरे उत्तर मुंबईजवळचे आहे आणि माझ्या मते सगळ्यांत हृद्य आहे. अणुभट्टीत युरेनियमचा अणू फुटतो तेव्हा त्याच्या तुकड्यांत रुथेनियमही असतो. त्यातला १०६ भाराचा रुथेनियम किरणोत्सर्गी आहे आणि साधारण एका वर्षात निम्मा होतो. तारापूर आणि ट्रॉम्बे येथे अणुभट्टीचे कडक टाकाऊ द्रावण काचेत ओतून कायमचे बंदिस्त करतात. काच वितळवायला हजार अंशांच्या जवळपास जावे लागते, आणि द्रावणात नत्राम्ल असतेच. म्हणजे पुन्हा उष्णता, पुन्हा ऑक्सिडीकरण, पुन्हा तोच कापूर. म्हणून तिथल्या भट्टीतून निघणारे वायू थंड करून, धुऊन, गाळूनच बाहेर सोडावे लागतात. हे काम किती जपून करायचे असते याची जाणीव २०१७ च्या शरद ऋतूत साऱ्या युरोपला झाली. तिथल्या अनेक देशांच्या हवेत एकाएकी हाच १०६ भाराचा रुथेनियम आढळला. प्रमाण थोडे होते, आणि शास्त्रज्ञांनी माग काढला तो दक्षिण उरलच्या दिशेला. रशियाने मात्र ती जबाबदारी मान्य केली नाही. ज्या उरलच्या खनिजातून क्लाउसने हा धातू काढला, त्याच मुलखाकडे पुन्हा बोट जावे हा योगायोगच.

आता त्याच टाकाऊ द्रावणातून ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने रुथेनियम वेगळा काढला आणि त्याच्या लहानशा वाटीच्या आकाराच्या चकत्या केल्या. डोळ्याच्या कर्करोगात ही चकती डोळ्याच्या गोळ्याला बाहेरून काही काळ टाचून ठेवतात. तिचे किरण फार खोल जात नाहीत. गाठीपुरते पोहोचतात आणि आसपासचा भाग पुष्कळसा वाचतो. नेमून दिलेला काळ संपला की चकती काढून घेतात. पूर्वी अशा चकत्या परदेशातून आणाव्या लागत. दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेतल्या नेत्रतज्ज्ञांनी आपल्याकडच्या चकत्या वापरून त्या पसंत केल्या. लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या काही गाठींवरही हा उपाय चालतो. डोळा काढून टाकण्याऐवजी डोळा राखता यावा, आणि तोही अणुभट्टीच्या कचऱ्यातून काढलेल्या धातूने, याहून मोठा उपयोग कोणता? गुरुजी, मुलाच्या बुबुळात मांजरासारखी पांढरी चमक दिसली तर ती दृष्ट लागली म्हणून सोडू नका. त्याला ताबडतोब डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा.

जाता जाता घरगुती अनुभवाची एक गोष्ट सांगतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही मोटारीने सासुरवाडीला गेलो आणि सावली बघून मी मोटार खळ्याच्या कडेला, पसरलेल्या कडब्यावर उभी केली. चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच मेहुणे ओरडले, "दाजी, गाडीखालून धूर!" उत्प्रेरकाची ती पेटी लांबच्या प्रवासानंतर चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापलेली असते, आणि वाळल्या कडब्याला पेट घ्यायला तेवढे पुष्कळ झाले. घागरभर पाण्यावर निभावले. वर्गात तीस मिनिटे जे शिकवतो, ते मी स्वतःच विसरलो होतो. तेव्हा मोटार किंवा फटफटी गंजीजवळ, पाचटावर, वाळल्या गवतावर उभी करू नका. आवाज वाढावा म्हणून सायलेन्सरातली पेटी कापून काढायची हौस काही तरुणांना असते. त्यांना समजावून सांगा की ते आपल्याच गल्लीत विष सोडताहेत. आणि पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ कधी चालवून घेऊ नका. तिने यंत्र आणि उत्प्रेरक दोन्ही मरतात.

तर त्या मुलाला मी पुढे एवढेच सांगितले. धातू चांगला की वाईट हे एकट्या धातूवर ठरत नाही. त्याच्या वाट्याला ताप किती आला आणि सोबत कोणाची मिळाली, यावर ते ठरते. आठशे अंशांच्या पेटीत प्राणवायूच्या संगतीने जो उडून गेला, तोच मिठाच्या पाण्यात गावाचे पाणी शुद्ध करायला मदत करतो, आणि डोळ्याला टाचला की दृष्टी राखतो. मुलाने थोडा विचार केला आणि म्हणाला, "सर, मग माणसाचंही तसंच असतं का?" मी म्हटले, "ते रसायनशास्त्राच्या पेपरात येत नाही. पण तू लिहून ठेव."

संध्याकाळी क्रांती चौकात लाल दिव्यापाशी थांबलो की मला तो मुलगा आठवतो. शेजारच्या फटफटीचा सायलेन्सर हळू धडधडत असतो. आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांतून, घेणारे आणि देणारे भेटत असतात. ती पेटी नीट ठेवणे आपल्या हाती आहे. आणि लाल दिवा जरा लांबलाच तर यंत्र बंद करणेही आपल्याच हाती आहे.